सत्र चौथे : माध्यमे आणि स्त्री

औसेप सर चर्चच्या पायऱ्यांवरून घसरून पडले, तेव्हा ते इतरांना "शेवाळ आहे हो, जपून" असंच सांगत होते. सरांचा उजवा पाय मोडला आणि एलिक्कुट्टीची झोप उडाली. पाय पुढे यथावकाश जुळला.

या दोन घटनांचा संबंध असा. मण्णक्कुन्नूच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी तीन दिवसांचा वर्ग भरतो. तो केल्याचा दाखला नसेल तर चर्चमध्ये लग्नाची पुकार होत नाही, आणि पुकार नाही तर लग्न नाही. मग मुलीचा बाप दुबईहून रजा टाकून आलेला असो, की मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडलेले असोत. त्या वर्गात पैशाच्या नियोजनावर बँकेतला कुणी बोलतो, बाळंतपणावर डॉक्टरीण बोलते, सासूवर सिस्टर बोलतात. (सिस्टरना सासू नसते, त्यामुळे त्या फार मोकळेपणानं बोलतात.) चौथ्या सत्राचा विषय बिशपच्या कचेरीतून छापून येतो : 'माध्यमे आणि स्त्रीची लैंगिकता'. तो गेली कित्येक वर्षं औसेप सरांकडे होता. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. हा विषय त्यांच्याकडे का, असं कुणी कधी विचारलं नाही. फुलांशी काहीतरी संबंध असेल, असं सगळे धरून चालले होते.

चर्चचे पाद्री जोबिनअच्चन नुकतेच बदलून आलेले, वयानं एलिक्कुट्टीच्या धाकट्या मुलाएवढे. ते एका सकाळी तिच्या व्हरांड्यात येऊन बसले. कॉफी घेतली, तळलेल्या कुळलप्पमचे दोन तुकडे मोडले, रबराचा भाव विचारला, मिरीच्या वेलाची चौकशी केली. एवढी प्रस्तावना झाली म्हणजे माणसाला काहीतरी हवं आहे, हे एलिक्कुट्टीनं ओळखलं. पण तिला वाटलं, ऑर्गनच्या दुरुस्तीची वर्गणी असेल.

"चेची, एका तासाचं काम आहे," अच्चन तिला थोरली बहीण करून म्हणाले. "चौथं सत्र तुम्ही घ्यायचं."

"मी? मला काय येतंय त्यातलं, अच्चा?"

"तुम्ही टेलिफोनमध्ये होता. टेलिफोन म्हणजे माध्यम. शिवाय तुम्ही स्त्री आहात." अच्चननी दोन बोटं मिटली. "दोन्ही बाजू भागल्या."

"आणि त्यापुढचं?"

"पुढचं काय?"

"'स्त्रीची'च्या पुढे अजून एक शब्द आहे ना विषयात."

अच्चननी तो शब्द कॉफीच्या मोठ्या घोटाबरोबर गिळला. "ते सगळं सरांच्या टिपणात आहे, चेची. तुम्ही नुसतं वाचायचं."

"वाचेल की," वर्तमानपत्रामागून वर्की म्हणाला. "आवाज चांगला आहे तिचा."

वर्की हा एलिक्कुट्टीचा नवरा. त्याला त्या आवाजाचा एक जुना सल होता. एलिक्कुट्टी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. घरोघरी फोन आले नव्हते, तेव्हा अर्ध्या गावाचे नवरे आखातात आणि त्यांच्या बायका एक्स्चेंजच्या बाकावर, अशी परिस्थिती होती. मस्कतहून नाहीतर कुवेतहून फोन लागायचा, एलिक्कुट्टी तो जोडून द्यायची आणि लाइन तुटत नाही ना, हे बघायला कानाला यंत्र लावून बसायची. तीन मिनिटं झाली की सांगायचं, वेळ संपली. म्हणजे मण्णक्कुन्नूतल्या एका पिढीचा सगळा संसार तिच्या डाव्या कानातून उजव्या कानात गेलेला होता, आणि तिथून पुढे कुठेही गेलेला नव्हता. नोकरीत रुजू होताना गुप्ततेची शपथ असते. ती घेतात सगळे. एलिक्कुट्टीनं पाळली. वर्कीनं सुरुवातीची बरीच वर्षं आडून, समोरून, लाडीगोडीनं आणि एकदा तर आजाराचं सोंग घेऊन विचारून पाहिलं. शेवटी कंटाळून तो रबराच्या झाडांशी बोलायला लागला. गावात एलिक्कुट्टीला मान होता तो या मौनाचा होता, आणि तिलाही स्वतःच्या ज्या दोनचार गोष्टींचा अभिमान होता त्यात ही पहिली.

असो. अच्चननी नातवाचा बाप्तिस्मा तिच्या सोयीच्या तारखेला उरकून दिला होता. त्या उपकाराची बाकी होती. एलिक्कुट्टी हो म्हणाली.

सरांची टिपणं संध्याकाळी आली. कागद केळीच्या वाळक्या पानासारखा झालेला. व्हिडिओ कॅसेट भाड्यानं आणणाऱ्या शेजाऱ्यापासून नववधूनं चार हात दूर राहावं, असा पहिल्या पानावर इशारा होता. तो शेजारी वारून आता बरीच वर्षं झाली असतील म्हणून एलिक्कुट्टीनं ते सोडून दिलं. मग ती चवळीच्या शेंगा मोडत मोडत दुसऱ्या पानाशी आली. तिथे लिहिलं होतं : 'सिनेमा येण्यापूर्वी आपल्या स्त्रियांच्या मनात वासना नव्हती. ती चित्रपटांनी उत्पन्न केली, टीव्हीने घरात आणली आणि मोबाइलने उशाशी ठेवली.'

तिचा शेंगा मोडणारा हात थांबला.

"अहो, तुमच्या आजीनं सिनेमा पाहिला होता?"

"कुठला? तेव्हा इथं थिएटर कुठं होतं."

"आणि मुलं किती?"

"अकरा. का गं?"

"काही नाही. सरांना कळवावं म्हटलं."

त्याच वेळी कुंपणापलीकडून शोशाम्मा आली. शोशाम्माच्या मुलीचं, जिस्नाचं लग्न नोव्हेंबरअखेरीस ठरलेलं. डिसेंबर उजाडला की नाताळाआधीचा पंचवीस दिवसांचा उपास बसतो आणि त्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे जिस्नाला याच वर्गाचा दाखला हवा होता. म्हणजे शोशाम्माचा या प्रकरणातला हितसंबंध रोखठोक होता.

"काय लिहिलंय ते वाच आणि मोकळी हो," शोशाम्मा म्हणाली. "आपल्याला काय करायचंय? आणि सर खोटं नाही सांगत हो. मालिका म्हणजे नुसता चावटपणा झालाय."

"तू तर सात ते दहा उठत नाहीस टीव्हीसमोरून."

"म्हणून तर सांगतेय ना! अनुभव आहे."

"सांग बघू चावटपणा. ती तुझी आवडती, निळ्या साडीवाली, काय करते?"

शोशाम्मा पायरीवर बसली. "तिचं काय. सहाशे भाग झाले, नवऱ्यानं अजून तिचा हात धरलेला नाही."

"हा चावटपणा?"

"अगं, तीनदा धरणार होता. एकदा दार वाजलं, एकदा दूध उतू गेलं, एकदा सासूला झटका आला."

"आणि तिला काय वाटतं त्याचं?"

"तिला?" शोशाम्मानं खरोखरच विचार केला. हा प्रश्न सहाशे भागांत तिच्यासमोर आलेला नव्हता. "तिला काय वाटणार. ती डोळे पुसते."

टेलिफोन खात्यात एक नियम होता. पलीकडचा माणूस तोच आहे ना, ही खात्री केल्याशिवाय लाइन जोडायची नाही. एलिक्कुट्टीनं ठरवलं, की सरांचं टिपण वाचायचं तर आधी ते खरं आहे का, हे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना विचारायचं. एवढीच गोष्ट. सगळी संकटं अशीच एवढीशी असताना घरात येतात.

वॉर्डाची मासिक प्रार्थना त्या महिन्यात शोशाम्माकडे होती. जपमाळ संपली, स्तोत्र संपलं आणि ज्यासाठी पुरुषमंडळी वेळेवर येतात ते उकडलेल्या कंदाचा कप्पा आणि मटणाचं कटलेट आलं. पुरुष ताटल्या घेऊन व्हरांड्यात गेले आणि रबराचा भाव का पडला, यावर बोलू लागले. आत बायका. एलिक्कुट्टीनं कटलेटचा तुकडा तोंडात टाकला आणि हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "का गं, पुरुषाशी प्रेमाचं कसं बोलायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

कुणाचा तरी चमचा बशीवर पडला.

"धर्मशिक्षणाच्या वर्गात तरी नव्हतं," एकजण म्हणाली.

"माझ्या आईनं सांगितलं होतं, तो विचारेल तेवढ्याचं उत्तर द्यायचं. म्हणजे व्हायव्हाच की."

कोपऱ्यातून ब्रिजित्ताचेचीचं हसू ऐकू आलं. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिचा नवरा लोनप्पन अर्धं आयुष्य मस्कतला होता. "कोण शिकवणार? सिनेमानंच. आणि सिनेमानं तरी काय शिकवलं? रडायला. त्यात मात्र आपण पहिल्या नंबरानं पास."

मग बांध फुटला. एक म्हणाली, "मी तर पहिल्या रात्री डोळे मिटून बसले. पिक्चरमध्ये पाहिलं होतं, आता दोन फुलं येणार."

"आली?"

"कुठली! दिवे गेले."

"मी लाजून मान खाली घातली ती वरच करेना. यांना वाटलं मान लचकली. बाम चोळला बाई मला, तासभर."

त्या खोलीत असं हसू यापूर्वी झालं नसावं. ते ओसरलं तेव्हा एलिक्कुट्टीच्या लक्षात आलं, की व्हरांड्यात रबराचा भाव केव्हाचा थांबलेला आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वॉर्डातून निरोप आला, आमच्या प्रार्थनेलाही ये. मग तिसऱ्या वॉर्डातून. जिथं जपमाळेला मोजून आठ डोकी असायची तिथं खुर्च्या भाड्यानं आणायची वेळ आली, आणि कटलेटं पुरेनात म्हणून दोन जावांमध्ये अबोला झाला. ज्यांच्या घरी एलिक्कुट्टी गेली नाही त्यांनी तो अपमान समजून मनात नोंदवून ठेवला. जिच्या घरी गेली तिच्या सासूनं सांगितलं, "आमच्यात असलं काही नाही," आणि फाटकापर्यंत पोचवायला येऊन कानात स्वतःचं पाऊण तास सांगितलं.

अच्चन खूश. आपल्या कारकिर्दीत प्रार्थनेला एवढी गर्दी! त्या आनंदात त्यांनी रविवारी मिस्सेनंतर सूचना वाचताना एक वाक्य पदरचं घातलं : "एलिक्कुट्टीचेची सत्राची कसून तयारी करत आहेत. टेलिफोन खात्यातल्या त्यांच्या दीर्घ अनुभवाचा लाभ यंदा वर्गाला होईल."

बायकांच्या बाजूला कुणी मान हलवली, कुणी पोराला चिमटा काढला. पुरुषांच्या बाजूला मात्र जे झालं ते बघण्यासारखं होतं. आखातातून निवृत्त होऊन आलेली सगळी टकलं एकाच वेळी वर आली. दीर्घ अनुभव! कुणाचा अनुभव? कधीचा? प्रत्येकाला आपली तीन मिनिटं आठवली.

त्या संध्याकाळपासून एलिक्कुट्टीच्या घरी भेटवस्तूंची रीघ लागली. पहिला आला तो करीमीन मासे घेऊन. "तळ्यातले आहेत, ताजे. म्हटलं तुम्हाला आवडतात." मग हळूच, "जुन्या गोष्टी काही लक्षात राहत नाहीत ना, चेची, आपल्या वयात?" दुसऱ्यानं जायफळं आणली. तिसऱ्यानं केळीचा अख्खा घड. सगळ्यांचा प्रश्न एकच, वळणं वेगळी. एलिक्कुट्टी प्रत्येकाला सांगे, "मला काही आठवत नाही." त्यानं माणूस सुटकेचा श्वास टाकी, फाटकापर्यंत जाई, आणि तिथून वळून जरा दुखावल्या स्वरात विचारी, "म्हणजे... अगदीच काही नाही?"

ब्रिजित्ताचेचीचे लोनप्पनचेट्टन, म्हणजे लोनप्पनदादा, स्वतः आले नाहीत. त्यांनी फणस पाठवला. हंगाम नसताना त्यांनी तो कुठून पैदा केला, देव जाणे.

"बरं चाललंय," वर्की मासे साफ करताना म्हणाला. "वर्ग दरमहा ठेवायला सांग."

पण एलिक्कुट्टीला हसू येईना. रात्रंदिवस तोंड शिवून ठेवलं, स्वतःच्या नवऱ्याला एक अक्षर सांगितलं नाही, आणि या लोकांना वाटतं की एका तासाच्या भाषणासाठी मी त्यांच्या संसाराचं वर्तमानपत्र करीन! माशांना तिनं हात लावला नाही. (वर्कीनं लावला. चांगले होते.)

चर्चच्या समितीची बैठक बसली. औसेप सरांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं, प्लास्टरचा पाय तोफेसारखा समोर रोखलेला. समितीत आखातवाल्यांचं बहुमत. असं ठरलं, की एलिक्कुट्टीनं फक्त सरांची टिपणं वाचावीत, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही, आणि सरांनी पुढच्या रांगेत बसून ते तपासावं.

"टिपणं चुकीची आहेत," एलिक्कुट्टी म्हणाली.

"चुकीची?" सर म्हणाले. "वीस वर्षांत एका जोडप्यानं तक्रार केली नाही."

"झोपलेला माणूस तक्रार करत नाही, सर."

"एलिक्कुट्टी, वासना ही बाहेरून येते. बी वाऱ्यावर येतं तशी."

"बी वाऱ्यावर येत असेल. जमीन कुठली?"

सचिवांनी घाईनं घंटी वाजवली. ठराव बदलला : चौथं सत्र रद्द. आणि अशा तऱ्हेनं प्रकरण तिथेच मिटलं असतं, एलिक्कुट्टी घरी जाऊन फणस चिरत बसली असती. पण अच्चननी चाचरत चाचरत नियम वाचला. दाखल्यावर सातही सत्रांच्या वक्त्यांच्या सह्या लागतात. एक सही नसेल तर बिशपच्या कचेरीतून दाखला परत येतो. पुढचा वर्ग जानेवारीत.

ही बातमी समितीच्या खोलीतून बाहेर पडून शोशाम्मापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एखादी स्तोत्राची ओळही म्हणून झाली नसती. दार उघडलं. मागे वर्गातल्या सगळ्या नवऱ्यामुलींच्या आया.

"हॉल बुक आहे," शोशाम्मा म्हणाली. "केटररला बदकांची ऑर्डर गेली आहे. जावई अबूधाबीहून येतोय आणि त्याची रजा डिसेंबरच्या आत संपते. कोण रद्द करतंय सत्र? उभं राहा, मला तोंड बघू दे."

कुणी उभं राहिलं नाही. सर उठूच शकत नव्हते, ही त्यांची त्या दिवशी मोठी सोय झाली.

"पण शोशाम्मा, ही काहीबाही बोलेल," सचिव म्हणाले.

"बोलू दे! मुलींची लग्नं ठरलीयेत, मठात नाही चालल्या त्या."

हीच शोशाम्मा 'वाच आणि मोकळी हो' म्हणणारी. माणसाची मतं कुठल्या खुंटीला टांगलेली असतात ते खुंटी हलल्याशिवाय कळत नाही.

बाहेर आल्यावर अच्चननी हात जोडले. "चेची, काय बोलायचं ते बोला. फक्त तो शब्द तेवढा टाळा."

"विषयातला?"

"हो."

"बघते, अच्चा," एलिक्कुट्टी म्हणाली. हे 'बघते' टेलिफोन खात्यातलं होतं. त्याचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता.

सत्राच्या दिवशी हॉलमध्ये जोडपी होती तीसेक, आणि खिडक्यांबाहेर माणसं होती सगळं गाव. फळ्यावर अच्चननी लिहिलं होतं : 'माध्यमे आणि स्त्री'. पुढे बरीच कोरी जागा. पहिल्या रांगेत औसेप सर, मांडीवर टिपणांची दुसरी प्रत. डाव्या खिडक्यांशी आखातवाले, सर्वांत मागे लोनप्पनचेट्टन, ऐकू येणारा कान आत करून. उजव्या खिडक्यांशी बायका.

एलिक्कुट्टीनं साडीच्या निऱ्या ठीक केल्या. खडू उचलला. फळ्यावरच्या कोऱ्या जागेत तो शब्द लिहिला, ठळक, काना-मात्रेसकट. मग खडू ठेवून हात झटकले. अच्चन मागच्या दारातल्या संतांच्या पुतळ्याकडे बघू लागले.

"या टिपणात लिहिलंय, सिनेमानं तुमच्या आयांना बिघडवलं," ती म्हणाली. "मी सगळ्या वॉर्डांत फिरून विचारून आले. कुठं बिघडवलं? आमच्या वेळी नायक नायिकेजवळ आला की पडद्यावर दोन फुलं यायची आणि एकमेकांवर आपटायची. औसेप सर इथं आहेत. वनस्पतिशास्त्र त्यांचं. फुलं अशी आपटून काही होत नाही, हे तरी त्यांनी सांगायचं होतं."

उजव्या खिडकीत खसखस पिकली.

"नायिकेला काय व्हायचं? ताप यायचा. लाज यायची. भोवळ यायची. काही हवंसं वाटायचं ते फक्त त्या दुसरीला, ओठ रंगवून क्लबात नाचणारीला. आणि ती शेवटाआधी गोळी लागून मरायची. तीन तास हे बघून आलेल्या बाईनं काय शिकायचं? हवं म्हटलं की गोळी. म्हणून आम्ही कुणी म्हटलंच नाही. मालिकेत दूध उतू जातं, सासूला झटका येतो. तुमच्या मोबाइलमध्ये फुलं नाहीत, तिथं सगळं दिसतं. पण बाईला काय हवं ते तिथंही कॅमेरा धरणाराच ठरवतो आणि तिच्या तोंडी घालतो. तिला विचारतं कोण? बाईला इच्छा असते, ती सिनेमानं दिलेली नाही. देवानं दिली आहे. सिनेमानं ती नुसती उचलली आणि भलतीच्या अंगावर घातली."

"हे टिपणात नाही!" सर म्हणाले.

"नाही, सर. हे मी म्हणतेय."

मग ती डाव्या खिडक्यांकडे वळली आणि तिथली टकलं एक पाऊल मागे सरली.

"तुम्ही मंडळी का जमलात ते मला कळतं. मी शपथ घेतली होती. जे कानावर पडलं ते माझ्याबरोबर मातीत जाईल. केळी, जायफळं, फणस आणून माझं तोंड बंद करावं लागतं असं ज्यांना वाटलं, त्यांना लाज वाटावी. पण जे मला कधीच ऐकू आलं नाही, ते सांगायला शपथेची आडकाठी नाही. तेवढं सांगते."

तिनं डाव्या खिडक्यांवरून एकवार नजर फिरवली.

"इतक्या वर्षांत 'मला तुम्ही हवे आहात' असं एकाही बाईच्या तोंडून मी ऐकलं नाही. परत या, असं म्हणायच्या. सासूचं ऑपरेशन आहे म्हणून या. नणंदेचं लग्न आहे म्हणून या. छप्पर गळतंय म्हणून या. स्वतःसाठी एकीनंही बोलावलं नाही. शेवटी शेवटी दोघंही गप्प व्हायची. वेळ भरत यायची, लाइन तोडायची माझी नोकरी, आणि मी थांबून राहायची. दोनचारदा त्यापायी बोलणीही खाल्ली. वाटायचं, आता म्हणेल. आता तरी म्हणेल. पण ते वाक्य कुठल्या पिक्चरमध्येच नव्हतं. मग त्या बिचाऱ्या आणणार कुठून?"

डाव्या खिडकीतल्या एकानं चष्मा काढून पुसला आणि घालायचा विसरला.

"हे विषयाला सोडून आहे," सर पुटपुटले. पण त्यांचा आवाज आधीसारखा नव्हता.

"विषय हाच आहे. फळ्यावर बघा." एलिक्कुट्टीनं दाखल्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "आता सह्या. पण त्याआधी प्रत्येक मुलीनं शेजारी बसलेल्याला एक वाक्य सांगायचं. 'मला अमुक हवं आहे.' खरं हवं असेल ते. पिक्चरमधलं नको, मालिकेतलं नको. जिला सांगायचं नसेल तिनं 'मला आत्ता सांगायचं नाही' असं सांगावं, तेही हवंच असतं. कानात सांगा. मला ऐकायचं नाही, मी पुष्कळ ऐकलंय."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मग जिस्ना आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या कानाशी वाकली. काय म्हणाली ते तिचं तिला ठाऊक. त्या मुलाचा कान आधी लाल झाला, मग मान, आणि मग तो असा हसला, की अबूधाबीची रजा वाढवून घेणार हे सगळ्यांना कळलं.

"काय म्हणाली गं? काय म्हणाली?" शोशाम्मानं खिडकीचे गज धरले.

"शोशाम्मा, खिडकी सोड," एलिक्कुट्टी म्हणाली आणि पहिली सही केली.

हॉलभर कुजबुज सुरू झाली. आणि तेव्हाच उजव्या खिडक्यांकडची गर्दी हलली. ब्रिजित्ताचेची आपले गेलेले गुडघे ओढत, एकेकीला बाजूला सारत, हॉलला वळसा घालून डाव्या बाजूला निघाली होती. ती लोनप्पनचेट्टनांसमोर जाऊन उभी राहिली. कानात सांगायचं, हा नियम तिनं ऐकला होता. पण चेट्टनांचा चांगला कान आतल्या बाजूला होता आणि तिच्या वाट्याला आला तो बहिरा.

"व्हरांड्यातली खाट आत आणा!" ती ओरडली. मस्कतहून परत आल्यापासून चेट्टन व्हरांड्यात निजत, हे गावाला माहीत होतं. गाव समजे, त्यांना वारा लागतो. "मला तुम्ही आत हवे आहात!"

हॉलमधली कुजबुज थांबली. चेट्टननी दोन्ही बाजूंना पाहिलं. पळायला जागा नव्हती.

"आज?" त्यांनी विचारलं.

"नाही, पुढच्या ईस्टरला! आजच, अहो, आजच!"

यावर जो हशा झाला त्यात टाळ्या कुणी आधी वाजवल्या, याबद्दल गावात अजून वाद आहे. काहींच्या मते अच्चननी. अच्चन नाही म्हणतात.

समितीनं अर्थातच हे सोडलं नाही. पुढच्या बैठकीत ठरलं, की एलिक्कुट्टीनं आपलं आक्षेपार्ह विधान मागे घेऊन माफी मागावी. सचिव निरोप घेऊन आले. एलिक्कुट्टी व्हरांड्यात मिरी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मागीन की. लेखी द्या."

"काय लेखी?"

"कुठलं विधान मागे घ्यायचं, ते. शब्द न शब्द. खाली सगळ्यांच्या सह्या."

सचिवांनी बैठकीत जाऊन पेन उघडलं. 'बाईला इच्छा असते' हे विधान मागे घ्यावं, असं लिहायचं, तर आखातवाल्यांपैकी एकालाही त्याखाली सही करून घरी जाण्याची हिंमत होईना. 'ती देवानं दिली आहे' हे मागे घ्यावं असं लिहायचं, तर मग दिली कुणी, हे बिशपना सांगावं लागणार होतं. औसेप सरांना मसुदा करायला सांगितलं. सर बराच वेळ फुटपट्टीनं प्लास्टरच्या आत खाजवत बसले आणि म्हणाले, यंदा प्रकृती बरी नाही, पुढच्या वर्गाचं सत्रसुद्धा एलिक्कुट्टीलाच घेऊ द्या.

एलिक्कुट्टीचं म्हणणं अजून तेच आहे. कागद आणा, माफी मागते.